रात्रपाळीसाठी उसने शब्द

अहिल्यानगर,
रविवार दुपार

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, प्रार्थनेला बसते, पण शब्दच येत नाहीत." तुझ्या वॉर्डातलं ते चार वर्षांचं पोर गेल्यापासून हे चाललंय, तू सांगितलं नाहीस तरी मला कळलं. मी "येतील हळूहळू" असं काहीतरी बोलले आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडले.

शब्द येत नसतील तर उसने घे. आपल्याकडे बायबलात 150 स्तोत्रं पडलीयेत की. तुझ्या आजीला वाचता येत नव्हतं, पण 23वं आणि 121वं तोंडपाठ. भाकऱ्या थापताना पुटपुटायची. आजोबा गेले त्या आठवड्यात पाळकसाहेब घरी आले, तर त्यांना म्हणाली, "तुम्हीच करा प्रार्थना, माझ्याजवळ काही नाही." रात्री मात्र अंथरुणात तिचं 121 चालू असायचं. "मला साहाय्य कुठून येणार" इथवर यायची आणि थांबायची. उत्तर पुढच्याच ओळीत आहे, तिला ते ठाऊकही होतं. तरी बरेच दिवस ती त्या प्रश्नापाशीच थांबत होती. मी शेजारी झोपायचे, म्हणून मला माहीत.

आणि गोडगोडच तेवढी निवडू नकोस. कॅलेंडरवर छापतात ती हिरव्या कुरणांची असतात. 13वं काढ, पहिल्या दोन वचनांत देवाला चारदा विचारलंय, "कुठवर?" 88वं तर शेवटपर्यंत उजाडतच नाही, अंधारावरच संपतं. रात्रंदिवस हाक मारली असं त्यात आहे, उत्तर मिळालं असं कुठेच नाही. तरी ते कुणी शास्त्रातून काढून टाकलं नाही. भांडायलाही माणूस समोर लागतोच ना! आपल्या मराठी माणसाला यात नवल ते काय. तुकोबा विठोबाशी भांडलेच, आणि तुकोबांच्याच पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक सांगायचे. प्रभूनं वधस्तंभावरून हाक मारली, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" तीही 22व्या स्तोत्राची पहिलीच ओळ. म्हणजे त्या वेळी त्यानंही पाठ असलेलंच म्हटलं.

ते पोर का नेलंस, हे मीही देवाला विचारलं. काही कळलं नाही.

तुझ्या ड्यूटीसाठी दोन काढून ठेवलीत. 134 तीनच वचनांचं आहे, रात्री परमेश्वराच्या घरात सेवेला उभं राहणाऱ्यांसाठी. नर्स झाल्यापासून ते वाचलंयस का? दुसरं 130. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात, ती ओळ त्यात लागोपाठ दोनदा येते. लहानपणी मला वाटायचं, छापणाऱ्याची चूक झाली. पहाटे साडेतीनला वॉर्डात बसून वाचलंस तर चूक वाटणार नाही.

तुझी पाळी आठला सुरू होते ना? त्या वेळी मी इथं रोज 130 मोठ्यानं वाचीन. तू नाही वाचलंस तरी चालेल.

शेंगदाण्याची चटणी कुरिअरनं पाठवलीय. या वेळी झाकणावर चिकटपट्टी लावलीय, मागच्यासारखी सांडायची नाही.

तुझी,
आई