स्क्रू बसवल्यानंतरच आंधळा होणारा थ्री-डी सी-आर्म : लेखी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
वैद्यकीय इमेजिंग विभाग

विषय : थ्री-डी सी-आर्मच्या प्रतिमांचा निकृष्ट दर्जा, ऑर्डरमधले सॉफ्टवेअर न मिळणे आणि कॅलिब्रेशन

महोदय/महोदया,

आपल्याकडून घेतलेला थ्री-डी सी-आर्म (रुग्णाभोवती फिरून शस्त्रक्रिया चालू असतानाच क्ष-किरणांनी त्रिमितीय चित्र देणारी इंग्रजी 'सी' आकाराची कमान) आमच्या ट्रस्ट रुग्णालयात मणक्याच्या शस्त्रक्रियांसाठी वापरात आहे. याआधी सर्व्हिस पोर्टलवर तक्रारी नोंदवल्या. दरवेळी 'तिकीट क्लोज्ड' असा मेसेज आला आणि मशीन होते तसेच राहिले. म्हणून आता थेट आपल्याला लिहितो आहे.

साध्या स्क्रीनिंगबद्दल (शस्त्रक्रियेदरम्यान पडद्यावर दिसणाऱ्या सपाट क्ष-किरण चित्राबद्दल) तक्रार नाही. चित्र स्वच्छ येते, मशीन ढकलायला हलके आहे, टेक्निशियन खूश आहेत. पण तेवढ्यासाठी आमचा जुना सी-आर्म पुरेसा होता. विश्वस्तांच्या मागे लागून जास्तीची रक्कम मंजूर करून घेतली ती एकाच कारणासाठी. पेडिकल स्क्रू (मणक्याच्या पेडिकल या अरुंद हाडी खांबातून घालायचा स्क्रू) बसवल्यावर, जखम शिवण्याआधी, रुग्ण टेबलवर असतानाच स्क्रू हाडात आहे की नसांच्या पोकळीत घुसला आहे, ते दिसावे. नेमके तेव्हाच हे मशीन हात वर करते.

परवाचीच केस सांगतो. वयस्कर बाई, वजन बरेच, हाडे ठिसूळ, कमरेच्या तळाचे एल-४ ते एस-१ मणके स्क्रूंनी जोडायचे (फिक्सेशन). स्क्रू बसवून झाले. जखमेवर निर्जंतुक चादर टाकली, भूलतज्ज्ञांनी व्हेंटिलेटर थांबवला, आम्ही सगळे लेड स्क्रीनमागे गेलो, कमान फिरली. पडद्यावर एल-५ च्या दोन स्क्रूंच्या मधोमध जाड काळा पट्टा आणि डाव्या पेडिकलची आतली भिंत बरोबर त्या पट्ट्याखाली. पुन्हा स्कॅन घेतला, म्हणजे पुन्हा श्वास थांबवला आणि रुग्णाला पुन्हा रेडिएशन दिले. पट्टा तसाच. शेवटी स्क्रू काढला, बॉल प्रोबने (गोल टोकाच्या बारीक सळईने) भोकाच्या चारी भिंती चाचपल्या. भिंती शाबूत होत्या. पण ठिसूळ हाडात एकदा काढलेला स्क्रू तितका घट्ट बसत नाही, त्यामुळे जास्त जाडीचा घालावा लागला. दुसऱ्या दिवशी बाईंना स्ट्रेचरवरून सीटी विभागात न्यावेच लागले. हे सगळे टाळायलाच तर हे मशीन घेतले होते!

अशा पट्ट्यांबद्दल (स्ट्रीक) आपल्या इंजिनिअरचे उत्तर ठरलेले आहे : "सर, मेटल आहे म्हणजे स्ट्रीक येणारच, फिजिक्स आहे." फिजिक्स आम्हालाही ठाऊक आहे. धातूतून जाताना क्ष-किरणांतला कमी ऊर्जेचा भाग आधी शोषला जातो, उरलेला किरण 'कडक' होतो आणि रिकन्स्ट्रक्शनचे, म्हणजे अनेक बाजूंच्या चित्रांवरून त्रिमितीय चित्र रचण्याचे, गणित हे धरतच नाही. त्यात कमरेच्या तळाशी बाजूने किरण टाकला की तो दोन्ही बाजूंच्या कटिअस्थीतून आणि समोरासमोरच्या दोन स्क्रूंमधून जातो. डिटेक्टरपर्यंत पोचणारा सिग्नल अगदीच क्षीण होतो. कोन-बीममध्ये (शंकूसारख्या पसरणाऱ्या किरणझोतात) एकाच वेळी मोठा भाग उजळत असल्याने स्कॅटरची (विखुरलेल्या किरणांची) भर पडते ती वेगळीच. सगळे मान्य. पण यावरचे उपाय कालपरवाचे नाहीत. कोन-बीम रिकन्स्ट्रक्शनची प्रसिद्ध पद्धत फेल्डकँप, डेव्हिस आणि क्रेस यांनी १९८४ मध्ये मांडली (तीही फोर्ड या मोटार कंपनीच्या संशोधन विभागात बसून). धातूची सावली ओळखून प्रोजेक्शनमधला (प्रत्येक बाजूने घेतलेल्या कच्च्या चित्रातला) तेवढा भाग आजूबाजूच्या आकड्यांवरून भरून काढायची पद्धत कालेंडर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. डेमोच्या दिवशी आपल्या विक्री प्रतिनिधींनी धातूमुळे येणारे खोटे पट्टे (आर्टिफॅक्ट) कमी करणारे सॉफ्टवेअर चालू ठेवूनच आम्हाला चित्रे दाखवली होती. आमच्या पर्चेस ऑर्डरमध्ये ते नावानिशी लिहिलेले आहे. आता मात्र ते 'ऑप्शनल लायसन्स' असल्याचे सांगून वेगळे कोटेशन पाठवले जाते. याला फिजिक्स म्हणत नाहीत.

आणि डेमोबद्दल बोलायचेच तर तो झाला प्लास्टिकमध्ये बसवलेल्या सुक्या मणक्यावर, एकाच टायटॅनियम स्क्रूसह. आमच्याकडे स्टीलचे जुने रॉड असलेले रुग्णही येतात. टायटॅनियमपेक्षा स्टीलचा त्रास कितीतरी जास्त, हे आपल्या प्रतिनिधींना ठाऊक नसेल असे वाटत नाही.

आता खरा मुद्दा. सगळा दोष धातूवर ढकलता येत नाही, याचा पुरावा आमच्याकडे आहे. मशीनसोबत आलेला स्टीलच्या बारीक गोळ्यांचा फॅन्टम (चाचणीचा नमुना) आम्ही स्कॅन केला. त्यात ना स्क्रू, ना श्वास, ना कटिअस्थी. तरी काही गोळ्या जोडीने दिसतात, काहींना शेपूट फुटलेले दिसते. कडा दुहेरी दिसणे हा भूमितीचा दोष. कमान स्वतःच्या वजनाने प्रत्येक कोनात थोडी वेगळी वाकते. ट्यूब आणि डिटेक्टर त्या क्षणी नेमके कुठे होते, हे कॅलिब्रेशनच्या तक्त्यावरून संगणकाला कळते. तक्ता आणि प्रत्यक्ष जागा यांचा मेळ सुटला की अख्खे चित्र धूसर होते. आमचे मशीन दोन ओटींमध्ये (शस्त्रक्रियागृहांमध्ये) फिरते आणि मधल्या सरकत्या दाराच्या पट्टीवर त्याला रोज धक्का बसतो. मशीन बसवण्याआधी आपल्या माणसांनी ही जागा पाहून 'योग्य' म्हणून सही केलेली आहे. तरीही कॅलिब्रेशन वर्षातून एकदाच, आणि त्याचा आकड्यांनिशी रिपोर्ट मागितला की "ओके आहे सर" एवढेच तोंडी उत्तर.

गर्ट्झबाइन आणि रॉबिन्स यांच्या १९९० पासून रूढ असलेल्या प्रतवारीत स्क्रू हाडाबाहेर २ मिमीच्या आत गेला आहे की त्याहून जास्त, यावर बरेच काही ठरते. २ मिमीचा फरक ज्यात दिसायला हवा, त्या चित्रात कडाच दुहेरी असेल तर आम्ही कशावर निर्णय घ्यायचा?

त्यामुळे ऑर्डरमधले सॉफ्टवेअर कोणताही जादा आकार न घेता बसवून द्यावे. मात्र त्यात दुरुस्त केलेले आणि मूळ चित्र शेजारी शेजारी दिसले पाहिजे. भरून काढलेले आकडे स्क्रूलगतचे हाडही गुळगुळीत करतात. तिथला ब्रीच (स्क्रूने हाडाची भिंत फोडलेली जागा) झाकला गेला तर काळा पट्टा परवडला, निदान तो काही दिसत नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. भूमितीचे कॅलिब्रेशन नव्याने करून त्याचा लेखी रिपोर्ट द्यावा, आणि मशीन हलवल्यावर आमच्या टेक्निशियनला सकाळच्या पहिल्या केसआधी स्वतः करता येईल अशी झटपट तपासणी शिकवावी. वजनदार रुग्णांच्या कमरेसाठी वेगळा प्रोटोकॉल हवा. सध्या सडपातळ रुग्णाला आणि या बाईंना सेटिंग तेच.

आणखी एक गोष्ट. रिकन्स्ट्रक्शन होताच मशीन मूळ प्रोजेक्शन पुसून टाकते. ती किमान शस्त्रक्रिया संपेपर्यंत ठेवली तर वेगळ्या सेटिंगने पुन्हा रिकन्स्ट्रक्शन करता येईल, रुग्णाला दुसऱ्यांदा किरण द्यावे लागणार नाहीत. हे काम सॉफ्टवेअरमधल्या एका बदलाने होण्यासारखे आहे. ते का झाले नाही याचे उत्तर मला हवेच आहे.

हे होईपर्यंत देखभाल कराराचा पुढचा हप्ता रुग्णालय देणार नाही आणि बिघाडाचा काळ वॉरंटीत वाढवून मिळावा. महिनाभरात लेखी उत्तर आले नाही तर फॅन्टमच्या स्कॅनसह हे प्रकरण मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांच्या दोषांवर देखरेख ठेवणाऱ्या) कार्यक्रमाकडे नोंदवू आणि प्रत अणुऊर्जा नियामक परिषदेला पाठवू.

गुरुवारी दुपारनंतर आमची दुसरी ओटी मोकळी असते. इंजिनिअरला त्या वेळी पाठवावे, आणि येताना कॅलिब्रेशनचा फॅन्टम कंपनीचा स्वतःचा आणायला सांगावे, म्हणजे आमचाच खराब आहे असे म्हणायला जागा राहणार नाही.

आपला,
विभागप्रमुख, मणका शस्त्रक्रिया विभाग

सोबत : पर्चेस ऑर्डरची प्रत, फॅन्टम स्कॅनची सीडी, जागेच्या पाहणीचा सही केलेला अहवाल