मागचा शिक्का

मुंबई, शनिवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.

फोन मध्येच कटला तो कटलाच. मी नंतर चार वेळा लावून पाहिला. बाबा, तुमचं शेवटचं वाक्य अर्धवट ऐकू आलं, "रिपोर्टात सी-पेप्टाइड म्हणून काहीतरी लिहिलंय, ते काय वाईट..." आणि पुढे नुसती खरखर. म्हटलं, आता सरळ पत्रच लिहावं. नाहीतरी व्हॉट्सअ‍ॅप तुम्ही स्वतः वाचत नाही, आई वाचून दाखवते आणि आई निम्मं गाळते.

तर आधी रिपोर्ट. आईने पाठवलेल्या फोटोत तिचा अंगठा आलाय, पण आकडे दिसतात. सी-पेप्टाइड वाईट नाही. उलट ते रेंजमध्ये आहे म्हणजे तुमचं स्वादुपिंड अजून कामावर आहे. इन्सुलिन काही तयार इन्सुलिन म्हणून जन्माला येत नाही. आधी ११० अमिनो आम्लांची एक लांब माळ बनते. तिचे पहिले २४ मणी म्हणजे पत्ता. हा माल बाहेर पाठवायचा आहे, असं सांगणारा. पत्ता वाचून झाला की तेवढा भाग कापून टाकतात. उरलेल्या ८६ मण्यांची घडी बसते, मग मधला एक तुकडा कापून वेगळा होतो आणि हातात येतं ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन. तो मधला कापलेला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. प्रत्येक इन्सुलिनमागे एक. म्हणून रक्तात ते मोजलं की घरचं इन्सुलिन किती बनतंय याचा अंदाज येतो. दाराशी पडलेली फाडलेली पाकिटं मोजून पत्रं किती आली ते सांगावं, तसं.

मग साखर का वाढते? स्नायूंच्या पेशींमध्ये साखर आत घेणारी दारं असतात, पण ती एरवी पेशीच्या पोटात छोट्या पिशव्यांत गुंडाळून ठेवलेली असतात. इन्सुलिन बाहेरून कडी वाजवतं, तेव्हा पिशव्या वर येतात आणि दारं भिंतीत बसतात. तुमच्याकडे कडी वाजते आहे, आतले ऐकेनासे झालेत. मात्र स्नायू हलले की हीच दारं इन्सुलिनला न विचारता वर येतात. तेव्हा जेवणानंतर देवळापर्यंत चालून या, असं डॉक्टर म्हणाले ते उगाच नाही. गोळ्यांचं काय ते त्यांनाच विचारा, मी त्यातली डॉक्टर नाही. हे आईने शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवावं, त्या मला अजून खोकल्याचं औषध विचारतात.

बाबा, वर मी 'पत्ता' लिहिलं, ते तुम्हाला समजावं म्हणून सोपं करून लिहिलेलं नाही. आमच्यात खरोखर असंच बोलतात. प्रथिनाच्या अंगावरच त्याचा पत्ता लिहिलेला असतो, हे गुंटर ब्लोबेल या शास्त्रज्ञाने दाखवलं आणि त्याला १९९९ साली त्याचं नोबेल मिळालं. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने ही कल्पना पहिल्यांदा मांडली १९७१ साली. आणि आपला पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. वेलणकरांचं नाव घेताना तुम्ही अजूनही ताठ बसता. श्रीराम भिकाजी वेलणकर, आपल्या वेळणेश्वरचे, संस्कृतात कविता करणारे, आणि सहा आकड्यांत सगळा देश बसवणारे. पहिला आकडा विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा सॉर्टिंग जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. एकाच सुमाराला दोन ठिकाणी माणसं एकाच अडचणीवर डोकं खपवत होती. माल अफाट, हमाल अडाणी, मग पोचायचं कसं?

हे मला इतकी वर्षं दिसलं नाही, याची खरं तर लाज वाटते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी गणपतीत काकांनी विचारलं होतं, "ही नेमकं करते काय रे?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आणि मी म्हटलं, "जाऊ दे हो काका, बाबांना नाही कळणार ते." तुम्ही काही बोलला नाहीत. मोदकांचं ताट उचलून आत गेलात. तेहतीस वर्षं आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, त्यातली निम्मी रात्रीच्या मेल व्हॅनमध्ये हलत्या दिव्याखाली उभं राहून पत्रं लावलेला माणूस, आणि त्याला नाही कळणार म्हणे, माल ठिकाणावर कसा पोचतो ते!

तर आता सांगते, मी नेमकं काय करते.

आई, पहिला भाग तुझा. तुझ्या ट्रंकेत खाकी कागदावरचे ब्लाउजचे नमुने आहेत ना, मावशीचा, आत्याचा, देशमुखबाईंचा? तो खाकी कागद तू कधी कातरीखाली घेतला नाहीस. त्यावर जुना पेपर ठेवून आखून घ्यायचीस, त्या पेपरावरून कापड बेतायचीस, आणि पेपर गेला चुलीत. पेशीत हुबेहूब हेच चालतं. डीएनए ही ट्रंक. ती केंद्रकात बंद. लागेल त्या जनुकाची आरएनएवर नक्कल निघते, ती बाहेर येते, तिच्यावरून प्रथिन बेतलं जातं, आणि काही मिनिटांत, फार तर काही तासांत किंवा दिवसांत, नक्कल मोडीत निघते. माणसाच्या ट्रंकेत प्रथिनांचे असे साधारण २०,००० नमुने आहेत आणि जवळपास प्रत्येक पेशीत सगळीच ट्रंक आहे. डोळ्याच्या पेशीत इन्सुलिनचा नमुना आहे, पण ती तो काढत नाही. कुठला नमुना कधी काढायचा आणि किती नकला मारायच्या, यालाच आम्ही जीन एक्स्प्रेशन म्हणतो. दिवाळीच्या तोंडावर तुझे कुठले नमुने वर यायचे आणि कुठले तळाला जायचे, ते आठव.

पेशीची भिंत म्हणजे भिंतही नव्हे, तेलाचा तवंग. रश्श्यावर येतो तसा, फक्त दुपदरी. १९२५ साली नेदरलँड्समध्ये दोघांनी रक्तातल्या तांबड्या पेशींची चरबी काढून पाण्यावर पसरली, तर ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापून बसली. त्यावरून कळलं की पदर दोन आहेत. जाडी म्हणशील तर या पत्राच्या कागदाची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धरली, तर तेवढ्यात अशी २०,००० पटलं एकावर एक मावतील. शिवाय हा तवंग थिजून चालत नाही, थंडीत खोबरेलाची बाटली होते तसं झालं तर पेशी मेलीच. तो नीट राखायच्या कामात तुझं ते बदनाम कोलेस्टेरॉलही असतं. लगेच तुपाची बरणी काढू नकोस.

या तवंगात माझं दार तरंगतं. हृदयाच्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर सोडणारं एक प्रथिन. ठोका पडल्यावर हृदयाला पुन्हा तयार व्हायला ते लागतं. या दारांची एक गंमत अशी की पोटॅशियम जातं आणि त्याहून लहान असलेलं सोडियम अडतं. मोठ्याला वाट आणि धाकट्याला नाही. वाटेची खाच पोटॅशियमच्या मापाची आहे, सोडियम तिच्यात नीट बसतच नाही. अशा दाराची पहिली स्पष्ट रचना १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी दाखवली, २००३ चं नोबेल त्यांना मिळालं.

माझ्याकडे या दाराचा एक बिघडलेला प्रकार आहे. हजाराहून जास्त अमिनो आम्लांच्या माळेत एकच मणी बदललेला. असं दार असलेल्या माणसाचा ठोका अचानक चुकू शकतो. प्रश्न हा की दार पेशीच्या पृष्ठभागावर दिसतच नाही. बनतं, पण पोचत नाही. का?

माझी समजूत होती, आणि सरांचीही, की ते पोचतं पण टिकत नाही, पेशी ते लगेच आत ओढून गिळून टाकते. या समजुतीवर मी दोन महिने घालवले. त्यात मे महिन्यात रविवारी वीज गेली, जनरेटर सुरूच झाला नाही, आणि उणे ८० चा फ्रीजर सोमवारी सकाळपर्यंत पाणी गाळत बसला. आठ महिन्यांचे नमुने गेले. मी तुम्हाला फोनवर "बरं चाललंय" म्हणाले होते, तो हाच आठवडा. ज्यांनी जनरेटर बघायचा त्यांनी एक अर्ज भरून घेतला. असो.

जूनमध्ये एकदा आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात एक पाकीट पडलेलं दिसलं. दुसऱ्याच कुणाचं, कुठून कुठे फिरून आलेलं. मी ते उचललं आणि काही विचार न करता उलटं केलं. माझाच हात तुमच्यासारखा वळला, बाबा. मी आठ वर्षांची असताना तुम्ही मला ड्यूटीवर नेलं होतंत. आधी जीपीओसमोर कबुतरांना दाणे, मग आत तो लाकडी खणांचा फळा, लाखेचा वास. तुमचा हात न बघता खणात पत्रं टाकत होता. मध्येच एक भलतंच पाकीट आलं. मी म्हटलं, पत्ता तर बरोबर आहे. तुम्ही म्हणालात, "पत्ता काय बघतेस, मागची बाजू बघ. शेवटचा शिक्का कुठला आहे? त्याच्या पुढे घोळ झालाय."

जिन्यातच थांबले. प्रथिनालाही शिक्के असतात की!

पत्त्यामुळे प्रथिन पहिल्या ऑफिसात, म्हणजे अंतर्द्रव्यजालिकेत, शिरतं तेव्हा त्याला १४ शर्करांचा एक गुच्छ चिकटवतात. (ही साखर तुमच्या रिपोर्टातली नव्हे.) पुढच्या ऑफिसात, गॉल्जीमध्ये, तो गुच्छ छाटून बदलतात. आमच्याकडे एन्डो एच नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. ते पहिल्या ऑफिसचा शिक्का खरवडून काढतं, गॉल्जीत बदललेल्या शिक्क्याला हात लावू शकत नाही. म्हणजे विकर घातल्यावर प्रथिन हलकं झालं तर ते गॉल्जीपुढे गेलेलंच नाही. एका दिवसाचं काम. नवशिक्यालाही माहीत असलेली चाचणी, आणि मी ती केलीच नव्हती, कारण उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं धरून चालले होते.

केली. जेल म्हणजे प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करणारा लिबलिबीत थर. चांगल्या दाराचे त्यावर दोन पट्टे येतात, वरचा जड, खालचा हलका. विकराने वरचा ढिम्म हलला नाही. माझ्या दाराला वरचा पट्टाच नव्हता. होता तो एकच खालचा, आणि विकर पडताच तो आणखी घसरला. म्हणजे पृष्ठभागावर येऊन गिळलं जाणं वगैरे काही नाही. ते पहिल्या ऑफिसातून सुटलेलंच नाही. घडी जराशी वाकडी बसली म्हणून तिथल्या तपासनिसांनी अडवून ठेवलंय, आणि बराच वेळ सुधारलं नाही तर रद्दीत घालतात. सरांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "हे कसं सुचलं?" मी म्हटलं, वडील सॉर्टर होते. ते हसले. मी नाही हसले.

आता खरी मजा पुढे आहे. अशा अडकलेल्या काही दारांची घडी थंडाव्यात बरी बसते, हे इतरांनी पाहिलेलं आहे. पेशी ३७ अंशांऐवजी २७ अंशांवर ठेवल्या तर काही दारं तपासणीतून सुटून पृष्ठभागावर पोचतात, आणि पोचल्यावर चक्क उघडतातसुद्धा. माणसाला काही २७ अंशांवर ठेवता येत नाही, पण दार मुळात कामाचं आहे की नाही एवढं त्यावरून कळतं. जादा इनक्युबेटर दुसऱ्यांनी अडवलाय, माझा नंबर या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी. सोमवारी जेल.

पत्र तोवर मिळालेलं असेल. सोमवारी संध्याकाळी मी मिस्ड कॉल देईन, रेंजचा भरवसा नाही. एक रिंग वाजली तर समजा, एकच पट्टा, अजून अडकलंय. दोन वाजल्या तर दोन पट्टे. उचलू नका, नाहीतर मोजणी चुकेल.

हे पत्र मी जीपीओतच टाकणार आहे. मिळालं की पाकिटाच्या दोन्ही बाजू बघा आणि कुठले कुठले शिक्के पडलेत ते मला कळवा.

तुमची
बाळी

ता. क. आई, खाकी नमुन्यांची ट्रंक भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढून ठेव, पावसात तिकडे ओल येते. देशमुखबाईंचा नमुना मला हवाय, विद्यार्थ्यांना दाखवायला. अस्सल देऊ नकोस, पेपरावर आखून दे.