परत कधी येणार, असं विचारलंस म्हणून

लुंगलेई जिल्हा, मिझोराम
नोव्हेंबरअखेर

प्रिय सुहास,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. पपा गेल्यावर तू आईजवळ जाऊन राहिलीस, तिला वेळेवर जेवायला घातलंस, याबद्दल काय लिहू? तुझे उपकार मानले तर तू रागावशील. पत्राच्या शेवटी तू विचारलंस, ‘परत कधी येणार?’ फोनवर याचं उत्तर नीट देता आलं नसतं, म्हणून आज शनिवारी शाळेचं काम उरकून लिहायला बसले.

आधी त्या संध्याकाळचं सांगते. बातमी आली तेव्हा बाहेर काळोख पडला होता. इथे या दिवसांत साडेचारलाच दिवस मावळतो आणि सहाच्या आत लोकांची जेवणं आटोपतात. इथून निघायचं तर सुमोनं आयझॉल, तिथून लेंगपुईला विमान, मग कोलकाता, मग पुणे. मातीला पोचणं शक्यच नव्हतं. मी घरमालकीणबाईंना तेवढं सांगितलं. त्यांना मी इथल्या रीतीनं ‘का पी’ म्हणते, म्हणजे माझी आजी. त्यांनी माझा हात धरला, चुलीवर मोठं पातेलं चढवलं आणि बाहेर जाऊन शेजारी हाक दिली.

थोड्याच वेळात यंग मिझो असोसिएशनची मुलं बाकं घेऊन आली. ही संघटना १९३५ सालची. गावात कुणी गेलं की थडगं खणण्यापासून रात्री घरच्यांच्या सोबतीला बसण्यापर्यंत सगळं तिची तरुण मुलं करतात. माझ्या पपांचं थडगं खणणारे हात तिकडे नगरला होते, तरी ही मुलं आली. घर भरलं. एकानं ढोल घेतला आणि संथ लयीत गाणं सुरू झालं. सगळे बसून, डोळे मिटून, एकाच आवाजात गात होते. मधून बिनदुधाचा लाल चहा फिरायचा. पपांना काय झालं होतं, वय किती होतं, कुणी विचारलं नाही. आपल्याकडे भेटायला आलेला माणूस काहीतरी बोलतोच, आणि त्याला उत्तर देता देता आपण थकून जातो. इथे मला एक शब्दही बोलावा लागला नाही. रात्री काही मुली माझ्याच खोलीत चटया टाकून झोपल्या, दुसऱ्या दिवशीही आल्या. सकाळी वर्गातली मुलं दारात उभी, कुणाच्या हातात भोपळा, कुणाच्या हातात मोहरीच्या पाल्याची जुडी.

सुहास, मी इथे द्यायला आले होते. निघताना आपल्या देवळात पाळकसाहेबांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, तेव्हा सगळ्यांच्या मनात तेच होतं. पण इथल्या मंडळ्या, म्हणजे चर्च, स्वतःच देशभर मिशनरी पाठवतात. बुधवारी रात्री उपासना, शनिवारी रात्री उपासना, रविवारी तर दुकानाची एक फळी उघडत नाही. यांना सुवार्ता मी काय सांगणार? मी गणित शिकवते, आणि ते जीव ओतून शिकवते.

का पींच्या स्वयंपाकघरातली एक गोष्ट तुला मुद्दाम सांगायची आहे. तांदूळ वैरण्याआधी त्या त्यातून एक मूठ काढतात आणि कोपऱ्यातल्या डब्यात टाकतात. दोन्ही वेळा, न चुकता, पाहुणे असोत की पाऊस असो. याला ‘बुहफाई थाम’ म्हणतात, आणि शंभराहून अधिक वर्षं इथल्या घराघरांतून हे चाललं आहे. मंडळीतल्या बायका डबे गोळा करतात, तांदूळ विकतात, पैसा मंडळीच्या कामाला जातो. आपल्याकडे कर्मवीरांनी रयतच्या मुलांसाठी मुष्टिफंड केला होता, त्याचीच आठवण होते. आमची शाळा मंडळीची, त्यामुळे माझ्या पगारातही या मुठी आहेत. महिन्याचं पाकीट हातात घेताना मला दर वेळी तो डबा दिसतो.

वर्गाचं विचारलं होतंस. मुलं हुशार आहेत, पण ‘कुणाला येतं?’ विचारलं की सगळा वर्ग गप्प. अपूर्णांकांची बेरीज घेत होते. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या वहीत उत्तर बरोबर होतं, मला वरून दिसत होतं. तिनं हात वर केला नाही. वही हळूच शेजारणीकडे सरकवली, बोटानं छेद दाखवला, आणि शेजारणीचं गणित सुटल्यावर दोघींनी एकदम हात वर केला. सोबतिणीला मागे ठेवून आपण उभं राहणं इथे शोभत नाही. त्या दिवसापासून मी उत्तर एकेकट्याला विचारत नाही, अख्ख्या बाकाला विचारते. आता वर्गात गलका असतो, आणि मला तो फार आवडतो.

खाण्याचं म्हणशील तर भाताची सवय झाली. ‘बाई’ नावाची बिनतेलाची उकडलेली पालेभाजी असते, तिला डुकराच्या आंबवलेल्या चरबीचा वास असतो. पहिल्यांदा घास गिळवेना, हल्ली मागून घेते. भाकरीची आठवण मात्र येते, खोटं कशाला सांगू!

या दिवसांत मला सिंथिया फरारबाई फार आठवतात. १८२७ साली त्या अमेरिकेहून मुंबईत उतरल्या, पुढे नगरला मुलींची शाळा चालवली, सावित्रीबाई फुले त्यांच्याकडे शिकल्या, आणि १८६२ साली बाई नगरलाच वारल्या. लहानपणी आपण त्यांच्याबद्दल ऐकायचो तेव्हा त्यांनी नगरला काय दिलं एवढंच ऐकायचो. त्यांच्या घरचं कुणी गेल्याची बातमी जहाजानं महिन्यांनी येत असेल, तेव्हा त्यांच्या शेजारी कोण बसलं असेल? कुणा नगरकरणीनं त्यांना चहा, नाहीतर भाकरतुकडा दिलाच असेल. तिचं नाव कुठेच नाही. तिच्याबद्दल कुणी लिहून ठेवायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सुट्टीत येईन, आईजवळ राहीन, पपांच्या थडग्यावर जाईन. पण पुढचं वर्ष मी इथेच आहे. सातवीतली ही मुलं पुढच्या वर्षी बीजगणिताला लागतील आणि त्यांचं ते मीच घ्यावं, असं मला वाटतं. आईला मी फोनवर सांगितलंय. ती रडली, मग म्हणाली, ‘तिथल्या लोकांना माझा सलाम सांग.’ तो मी रविवारी उपासनेनंतर का पींना सांगितला. त्यांनी आईसाठी हातमागावरचं एक पुआन, म्हणजे इथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते वस्त्र, काढून ठेवलंय, येताना आणते.

तिला पाठदुखीचं औषध संपू देऊ नकोस. आणि पार्सल पाठवशील तेव्हा शेंगदाण्याची चटणी जास्त घाल, का पींना आवडली आहे. ज्वारीचं पीठ नको, वाटेत कडू पडतं. त्यापेक्षा अख्खी ज्वारी पाठव, इथे दळून घेईन.

तुझी,
एस्तेर