अक्काच्या पाटीवरचा शब्द

कर्वेनगर, पुणे
१२ मे

ती. बाबांना आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

काल सुखरूप पोचले. कुंभार्लीत गाडी लागली नाही, तेव्हा आई, आल्याच्या वड्या तशाच शिल्लक आहेत.

बाबा, तेराव्याच्या पंगती उठल्यावर ओटीवर तुम्ही भाऊकाकांना म्हणालात, "बहिणीला परगावी नेऊन टाकली आम्ही. शेवटी साधं सलाईनसुद्धा लावलं नाही त्यांनी." मी माजघरातून ऐकत होते. पाहुण्यांसमोर बोलाचाली नको म्हणून गप्प राहिले, आणि फोनवर तुम्ही दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणता. म्हणून लिहायला बसले. तुमच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, आईला तुम्हाला सोडून हलता येत नव्हतं. ते १९ दिवस तिथे अक्काजवळ मी होते, तेव्हा हिशेबही मीच द्यायला हवा. आई, तू मोठ्याने वाच. चष्म्याचा नंबर वाढलाय हे बाबा काही कबूल करायचे नाहीत.

आधीच्या हॉस्पिटलचं मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. अक्काचं ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, तरी गालातला कॅन्सर उलटला. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या." माझ्या घरी ड्रेसिंगला येणारी मुलगी दारातच मास्कवरून रुमाल बांधायची. अक्का ते बघायची आणि डोळे मिटून घ्यायची. पुढे पुढे ती आतल्या खोलीतून बाहेरच येईना. भिंतीकडे तोंड करून, पदर नाकावर ओढून बसायची. नील दाराशी गेला की हातानेच खूण, जवळ येऊ नको. जिने मला कडेवर घेऊन अख्खं चिपळूण फिरवलं, तिची ही खूण.

वारज्याचं सिप्लाचं केंद्र, कॅन्सरच्या पेशंटचा त्रास हलका करून त्यांना सांभाळणारं, आमच्यापासून लांब नाही. १९९७ पासून आहे. येता-जाता पाटी दिसायची, पण "तिथे मरायला नेतात" एवढीच माझी अक्कल. नेलं तेही हात टेकले म्हणून.

पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी फाइल हातात घेतली आणि बाजूला ठेवली. खुर्ची ओढून अक्काच्या अगदी पुढ्यात बसल्या. "आजी, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" अक्काला तेव्हा बोलता येत नव्हतं, नीलची जुनी पाटी आम्ही बरोबर ठेवायचो. रात्र-रात्र कण्हत होती, तेव्हा 'दुखणं' लिहील असं मी धरूनच चालले होते. तिने चौथीतल्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं, "वास".

तीन महिने मी तिचं सगळं करत होते, बाबा. हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता.

त्या दुपारी सिस्टरनी ड्रेसिंग सोडलं. जुनी पट्टी जखमेला चिकटलेली. घरी ती मुलगी ओढून काढायची. या कोमट मिठाचं पाणी सोडत बसून राहिल्या, पट्टी आपणहून सुटेपर्यंत. तोंडाने गप्पा चालू, "आजी, कोकणात कुठे? आमचं लातूरकडचं, आम्हाला समुद्र लांब." मग मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून ती पूड जखमेत भरली. बाबा, जुलाब झाले की तुम्ही मेडिकलमधून आणता ना, तीच गोळी. मेलेल्या मांसात, हवा पोचत नाही अशा जागी जे जंतू वाढतात, त्यांचा तो वास. ही गोळी त्यांना मारते. कॅन्सरचं काही वाकडं करत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आत आले आणि दारातच थबकले. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. खोलीत फक्त फिनेलचा वास होता.

त्या रविवारी अक्काचा पदर खांद्यावर होता. नील पलंगावर चढून तिला टेकून बसला आणि पाटीवर लाल एसटी काढली. तिने खाली लिहिलं, "चिपळूण डेपो". तो फोटो मी तुम्हाला पाठवला होता. तुम्ही म्हणालात, फार वाळली. मला त्यात फक्त पदर दिसत होता.

आता औषधाचं. आई, "अफू देतात का गं तिला?" म्हणून तू फोनवर रडलीस. मॉर्फिन अफूपासूनच होतं, खोटं कशाला बोलू. पण बाबांच्या भाषेत सांगते. बाबा, तुम्ही डेपोत कंट्रोलर होतात. फलाटावर आरडाओरडा सुरू झाला की गाडी सोडायची, असं कधी केलंत? वेळ झाली की सोडायची, दोन प्रवासी असोत नाहीतर पन्नास. मॉर्फिन तसंच. दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आत. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, आणि रात्री १०ची गाडी डबल, म्हणजे पहाटे उठवायला नको. गोळी विरघळवून नाकातल्या नळीतून जायची. बरोबर पोट साफ व्हायचं औषध, कारण त्याने पोट धरतंच. अक्का गुंगीत पडून नव्हती. दुपारी पाटीवर माझ्या चुका काढायची, "कढीला मीठ जास्त". नळीतून जाणाऱ्या कढीचं मीठ हिला कसं कळलं, देव जाणे.

घड्याळ लावून मॉर्फिन द्यायची ही रीत लंडनच्या सिसिली सॉन्डर्स यांनी रुजवली. त्या आधी नर्स होत्या, पाठीच्या दुखण्याने ते सुटलं, मग चाळिशीला टेकताना डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं, बऱ्या न होणाऱ्या माणसांना शेवटपर्यंत सांभाळणारं. आपल्याकडे वांद्र्याला तसंच शांती अवेदना सदन निघालं ते १९८६ साली. हे मी तिथे रात्री जागताना वाचलं. आणि हेही वाचलं की अफू आपल्याच देशात पिकते, पण १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने इतके परवाने मागितले की कितीतरी हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा जरा सैल झाला. तरी आधीच्या ठिकाणी त्याचं नावही कुणी काढलं नाही. हा राग माझ्या मनातून जात नाही, जाईल असं वाटतही नाही.

सलाईनचं भाऊकाकांनी तुम्हाला अर्धंच सांगितलं. सोळाव्या दिवशी ते कराडहून आले. अक्काचं नळीतलं तोवर थांबवलं होतं, पचत नव्हतं, उलटत होतं. काकांनी आवाज चढवला, "उपाशी मारताय का तिला?" डॉक्टरबाई त्यांना बाहेरच्या बाकावर घेऊन गेल्या. मी बरोबर होते. म्हणाल्या, "जेवत नाहीत म्हणून त्या जाताहेत असं नाही, काका. त्या जाताहेत म्हणून अन्न नको झालंय." आता सलाईन चढवलं तर ते पाणी बाहेर टाकायची ताकद शरीरात नाही, ते पायांत आणि छातीत साचेल, घशातली घुरघुर वाढेल, हे नीट समजावलं. काकांनी तोच प्रश्न तीन वेळा विचारला. तीनही वेळा तेच उत्तर, त्याच आवाजात. मग काका रडले. त्यांना पाणी आणून देणारी मावशी तिथेच जमिनीवर बसून राहिली, त्यांचं आवरेपर्यंत. ओटीवर काकांनी यातलं काहीच सांगितलं नाही. माझा त्यांच्यावर राग नाही, तुम्हीही धरू नका.

शेवटच्या दोन दिवसांत मॉर्फिन कातडीखालच्या बारीक सुईतून चालू होतं. ओठ सुकू नयेत म्हणून ओल्या बोळ्याने तोंड पुसायला सिस्टरनी मला शिकवलं. विचारलं, "आजींना काय आवडायचं?" मी म्हटलं, आमसुलाचं सार. "मग पाणीच कशाला? तेच आणा की." घरून करून नेलं, गाळलं आणि बोळा बुडवून जिभेवर टेकवला. ओठ मिटले, बोळा धरून ठेवला. नळी बसल्यापासून पहिल्यांदा तिच्या जिभेला चव लागली होती.

त्याच रात्री तुमचा फोन आला. मी तो तिच्या कानाशी धरला होता. "अक्का, तुझ्या फणसाला चौदा धरलेत," असं म्हणालात, आणि मग तुमचा नुसता श्वास येत राहिला. तिला ऐकू आलं का, हे तुम्ही त्यानंतर दोनदा विचारलंत. मला सांगता येणार नाही. सिस्टर म्हणाल्या होत्या, ऐकू येतंय असं धरून चालायचं. म्हणून तुम्ही ठेवल्यावर मी चौदा फणस तिला पुन्हा सांगितले.

पहाटे ४ वाजून ४० मिनिटांनी गेली. धडपड झाली नाही. दोन श्वासांतलं अंतर वाढत गेलं आणि एकदा पुढचा आलाच नाही.

त्यानंतर सिस्टर आणि मावशींनी तिला पुसलं, ड्रेसिंग नवं केलं, केस विंचरून चापूनचोपून अंबाडा घातला. कुशीवर वळवताना सिस्टर म्हणाल्या, "आजी, वळवते हं तुम्हाला, हात सांभाळा." मी बघतच राहिले. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

बिलाचं विचारलंत. बिल नाही. तिथे पैसे घेतच नाहीत. मी लपवत नाहीये, पावती असती तर पाठवली असती. खर्च झाला तो आधी, आणि त्याच्या पावत्या मोजून तुम्हाला ताप येईल, म्हणून त्या माझ्याचकडे राहू देत.

आई, आता तुझ्याशी. अक्काच्या पिशवीत तळाशी मशेरीची डबी सापडली. तुम्ही दोघी मागीलदारी तव्यावर तंबाखू भाजायचात, त्या वासानेच मी लहानपणी सकाळी उठायचे. अक्काची डबी मी टाकली. तुझी मोरीच्या फडताळात वरच्या फळीवर आहे. तेराव्याला साखर काढताना पाहिली. तोंडात कुठे पांढरा चट्टा आहे का, तिखट झोंबतं का, हे मला फोनवर सांगू नकोस. या आठवड्यात दाताच्या डॉक्टरला आत बॅटरी मारून बघू दे. बाबा घेऊन जातील, रिक्षाने.

आणि बाबा, सिस्टरना काहीतरी द्यायला हवं असं तुम्ही म्हणालात. शाल-श्रीफळाचं मी विचारलं तर हसून नको म्हणाल्या. मग काय देऊ, तर म्हणाल्या, जुनी मऊ सुती कापडं असली तर द्या, कूस बदलताना अंगाखाली घ्यायला बरी पडतात. अक्काची लुगडी ट्रंकेत आहेत. हिरवं इरकली तेवढं बाजूला ठेवा, ते मला. बाकीची धुऊन, कडक उन्हात घालून, एसटीच्या पार्सलने स्वारगेटला पाठवा, मी जाऊन घेईन. आमसुलंही थोडी घाला, सिस्टरना सार कसं करायचं ते मी सांगितलंय. वर चिठ्ठी तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं. आणि तिच्यात अक्काचं पूर्ण नाव घाला. तिथे सगळे तिला आजीच म्हणायचे.

कळावे.
तुमची,
मनू