कादंबरीतली हजेरी, नोटीस आणि मनीऑर्डर

संपादक महोदय,

ठाण्या-नवी मुंबईतल्या वाचनकट्ट्यांवर ‘व्यक्ती विरुद्ध व्यवस्था’ हा विषय निघाला की चर्चा पंधरा मिनिटांत ‘नायक बंडखोर की पळपुटा’ या वादात रुतते. सत्ता म्हणजे कोणीतरी खलनायक, असं आधीच धरून आपण वाचतो म्हणून हे होतं. आधुनिक कादंबरीत ती बहुधा कागदातून, वेळेतून आणि पैशातून येते.

काफ्काच्या ‘द ट्रायल’मध्ये (१९२५) जोसेफ के.ला अटक होते, तरी बँकेतली नोकरी चालूच राहते. चौकशीचा रविवार कळवतात, वेळ मात्र कोणी सांगत नाही. गरीब वस्तीतल्या इमारतीचे जिने चढत, लान्झ नावाच्या सुताराचं निमित्त काढून तो दारोदार विचारत फिरतो. पोचल्यावर त्यालाच ऐकवतात, तासाभरापूर्वी यायला हवं होतं! गुन्हा कोणता, हे शोधत बसलेला वाचक इथे कंटाळतो आणि पुस्तक मिटतो. वेळ न सांगता उशिराचा ठपका ठेवता येणं, ही त्या कोर्टाची खरी ताकद. ती हातची निसटते.

‘फकिरा’मध्ये (१९५९) सत्तेचा कागद म्हणजे हजेरी, मांगांना सरकारपुढे ठरल्या वेळी द्यावी लागणारी. लूट आणि घोडदौड सगळ्यांच्या लक्षात राहते, हजेरीची पानं मात्र भराभर उलटली जातात. शिवाय गावचे विष्णुपंत कुलकर्णी स्वतः कारभारी असूनही मांगांच्या बाजूने उभे राहतात. ‘गाव विरुद्ध फकिरा’ अशी सरळ फाळणी तिथे टिकत नाही.

तीनशे पानांची कादंबरी असेल तर तीन बैठका ठेवाव्यात, दर बैठकीला शंभरेक पानं. वहीत चार रकाने आखावेत : अडवलं कोणी, कशाच्या जोरावर, पैसा कोणाचा गेला आणि घरातलं कोण सत्तेच्या बाजूने बोललं. चौथा रकाना हटकून रिकामा राहतो, म्हणून तो आधी भरावा. ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकरचं कॉलेजशी जुळत नाही, हे सगळेच सांगतात. पुण्यातला त्याचा खर्च गावाहून वडील भागवतात, याची नोंद केली की त्याचं सांगवीला परतणं नुसतं ‘तुटलेपण’ राहत नाही.

पृष्ठक्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, तेव्हा परिच्छेदाचे पहिले चार शब्द टिपावेत. प्रस्तावना शेवटी वाचावी. आधी वाचली की सगळे तिचीच भाषा बोलू लागतात. सिनेमा पाहून आलेल्यांना हाकलू नये, पण पहिल्या फेरीत त्यांनी ऐकावं.

नवी मुंबईतल्या गटांनी सुरुवात ‘झाडाझडती’पासून (१९९१) करावी, असं मला वाटतं. धरणग्रस्तांची ती कादंबरी. इथल्या ९५ गावांची जमीन शहरासाठी घेतली गेली, आणि १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसं मेली. मोबदला आणि पुनर्वसन हे शब्द इथे कोशात पाहावे लागत नाहीत. गावठाणातल्या ज्या घरांत साडेबारा टक्क्यांची, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात तेवढा विकसित भूखंड परत देण्याच्या योजनेची, फाईल आहे, तिथल्या वाचकांना त्या बैठकीत आधी बोलू द्यावं, आणि पुनर्वसनाच्या भागासाठी अर्धा तास जास्तीचा धरावा.

— एक वाचक, नेरूळ