स्नायूंइतकीच नसही महत्त्वाची

लघवीवर ताबा न राहणे हा निव्वळ सैल पडलेल्या स्नायूंचा दोष आहे, हे आपल्या आरोग्य पुरवणीतील पेल्विक फ्लोअरवरील लेखाचे प्रतिपादन अपुरे वाटते. ओटीपोटाचा तळ तोलून धरणाऱ्या या स्नायूंना मेरुरज्जूच्या त्रिक, म्हणजे खालच्या टोकाकडील, भागातून, मुख्यतः २, ३ व ४ क्रमांकाच्या मज्जातंतूंमार्फत, आज्ञा मिळतात. त्यांपासून बनणारी प्युडेंडल नस लघवीचा व शौचाचा बाह्य अवरोधक (मार्ग बंद ठेवणारा) स्नायू आवळते. हे स्नायू झोपेतही काहीसे आकुंचित असतात, ते काही आपल्या निश्चयाने नव्हे. प्रसूतीत ही नस ताणली गेली असेल, तर स्नायू 'आवळा आणि सोडा' एवढ्या व्यायामाच्या सल्ल्याने भागत नाही; आधी संवेदना व आकुंचन तपासायला हवे. जांघेत व गुदद्वाराभोवती अचानक बधिरपणा येऊन लघवी तुंबल्यास व्यायाम न करता तातडीने रुग्णालय गाठावे, ही ओळ लेखात हवीच होती.

– एक वाचक