त्या रात्रीच्या अनोळखी माणसांचे आभार

परवा रात्री आमच्या पुढची गाडी कधी दुभाजकाला घासायला यायची, कधी थेट कडेला जायची. मागच्या सीटवर माझी मुलगी झोपलेली. मी पोलिसांना फोन केला, तर आधीच कुणीतरी कळवलं होतं. त्या पहिल्या माणसाचे आभार. आमच्या मागच्या ट्रकवाल्या दादांचेही; त्यांनी इंडिकेटर लावून मागची वाहतूक हळू केली.

आणि गाडी अडवणारे ते दोन पोलीस! माहिती द्यायला मी थांबले होते, म्हणून सगळं पाहिलं. चालकाने फुंकर मारली, यंत्रावर शून्य आलं. तिथेच सोडून देता आलं असतं. पण ते यंत्र फक्त दारू ओळखतं. गांजा किंवा गुंगीच्या गोळ्या त्यात दिसत नाहीत. महिला पोलिसांनी शांतपणे त्याचे डोळे तपासले, सरळ रेषेत चालायला लावलं, एका पायावर उभं केलं. काहीच जमेना. मग अटक, आणि अंमल उतरायच्या आत रक्ताचा नमुना घ्यायचा म्हणून लगेच रवानगी. या सगळ्यात त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. तो तोल जाऊन पडू लागला तेव्हा त्यांनीच सावरलं. मला ते फार मोठं वाटलं.

मुलगी घरी पोचेपर्यंत जागी झाली नाही. तुमची नावं विचारायची राहूनच गेली. तुम्हा सर्वांचे मनापासून आभार.